बारीक अक्षर

झेन्सव्हिलचा पूल इंग्रजी वायच्या आकाराचा आहे.
मध्यावर जाऊन डावीकडे वळा, असं सांगितलं की
नवखा माणूस हसतो.
डेल्बर्ट हाउक हसला नाही. त्याचा चेहरा
हल्ली हसायच्या कामाला उशिरा पोचतो.
लॉरीननं त्याचं शेवटचं बटण
माझ्या टेबलापाशी लावलं.

माजी सैनिकांच्या दाव्यांचं कार्यालय म्हणजे
कोर्टाच्या तळघरातली खोली,
एक हीटर, दोन खुर्च्या आणि मी,
बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीतल्या
कारकुनाची मुलगी.
बाबा म्हणत, कागदाला पाय नसतात,
वजन ठेवलं तरच तो चालतो.
इथे वजन म्हणजे डॉक्टरचं पत्र.

रकाना नऊ : रसायनाचं नाव.
"नाव कुठलं? आम्ही सिरप म्हणायचो."
टेक्सासमधला तळ, एकाहत्तर साल,
हौदभर सिरप, त्यात विमानाचे सुटे भाग,
कोपरापर्यंत उघडे हात.
शनिवारी त्यातच बूट, त्यातच पट्ट्याचं बक्कल.
"हातमोजे?"
"ते थंडीत घालतात."

रकाना दहा : वास.
तो थांबला. लॉरीनकडे बघितलं.
वास त्याचा बारा वर्षांपूर्वीच गेला,
हात थरथरायला लागायच्या आधी.
जळका टोस्ट, गॅस, कापलेलं गवत, सगळं सारखंच.
"गोड," तो म्हणाला. "वास नाही आठवत.
शब्द आठवतो."

उत्तर पाच महिन्यांनी आलं.
होतं इंग्रजीच, पण मला ऐकू आलं बाबांच्या आवाजात :
सदर अर्जदाराचा सदर द्रव्याशी संपर्क आल्याचा
पुरावा अभिलेखात आढळून येत नाही.
सबब.
सबब लिहिलं की बाबा
पेनाला टोपण लावत.

शिवाय सही जुळत नाही म्हणे.
भरतीच्या कागदावर डेल्बर्ट हाउक
मालगाडीसारखा लांबलचक.
आता डी जोरात निघतो
आणि के येईतो
मुंग्या, मग मुंग्यांची पिल्लं, मग
कागदाला आलेली नुसती शंका.

कायदा तसा मायाळू आहे, शेवटपर्यंत वाचला तर.
असण्याची शक्यता नसण्याइतकीच असली,
काटा अगदी मध्यावर थांबला,
तर माप सैनिकाच्या पदरात.
हे मी त्याला समजावत होते
आणि तो दोन्ही हातांनी
कॉफीचा कप थांबवू बघत होता.

साक्षीदार हवा होता.
शोधण्यात हिवाळा गेला.
त्याच हौदावरचा, शेजारच्या खाटेवरचा
वेंडल टॅकेट आर्कान्सात सापडला.
फोनवर आवाज इतका खोल गेलेला
की तीनदा "काय?" विचारून मीच लाजले.
म्हटलं, पत्र लिहा. हातानं. आठवेल तेवढं.

मार्चमध्ये लिफाफा आला.
दोन ओळींनंतर चष्मा पुसला,
मग भिंग शोधलं.
हौद होता. हात उघडे होते. डेल्बर्ट होता,
आणि त्याला पत्त्यांत कायम हार होती.
पण हे सगळं नंतर.
त्याआधीच, एक शब्द न वाचता, कळलं होतं :
प्रत्येक ओळ ठसठशीत निघून
उजव्या कडेला मुंग्या होत होती.

लॉरीननं लांबूनच बघितलं.
"हे यानं कधी लिहिलं?"

अशा पुराव्याला रकाना नाही.
पत्र फायलीत लावलं,
सोबत दुप्पट मोठी करून छायाप्रत.
मग आर्कान्साला फोन लावला,
आणि घंटा वाजत राहिली तोवर
एक कोरा अर्ज पुढे ओढून
पहिल्या रकान्यात, शक्य तितक्या मोठ्या अक्षरात,
लिहिलं : टॅकेट, वेंडल.